अडीच हजारांची केबल



संध्याकाळची वेळ आहे. कुणाची चूल पेटली असेल, कुणी धार काढून आत्ताच घरात आलं असेल. हातातलं काम सोडू नका, फक्त कान इकडं द्या.

आज मला टीव्हीच्या मागं लागणाऱ्या एका वायरीबद्दल बोलायचं आहे. "आता ही बाई आम्हाला वायरी शिकवणार" असं कुणी म्हणत असेल तर म्हणू दे. त्या वायरीपायी मी ग्रामसंघाच्या भर बैठकीत मान खाली घालून बसले होते. म्हणून ठरवलं, आपल्याला कळलं ते सगळ्यांना सांगायचं.

झालं असं. आमच्या ग्रामसंघानं टीव्ही घ्यायचा ठराव केला. तोवर प्रशिक्षणाचे व्हिडिओ मी मोबाईलवर दाखवायचे. पंधरा बायका एका मोबाईलभोवती. मागच्या चौघींना पुढचीच्या अंबाड्याशिवाय काही दिसायचं नाही. शेळीपालनाचा व्हिडिओ संपल्यावर एकीनं विचारलं होतं, "ताई, ती शेळी होती का बोकड?" तर टीव्ही हवाच होता, त्यात वाद नव्हता.

अध्यक्ष, कोषाध्यक्ष आणि मी, अशा तिघी तालुक्याला गेलो. ४३ इंची टीव्ही २६,००० रुपयांत ठरला. घासाघीस करून हजार रुपये कमी केले, त्यामुळं आम्ही जरा खुशीत होतो. दुकानदारानं नेमकी तीच वेळ साधली. काउंटरवर एक चकचकीत खोका ठेवला आणि म्हणाला, "ताई, लॅपटॉप जोडायला केबल लागेल ना? टीव्ही एवढा भारी घेताय, त्याला साधी केबल लावणार? पैठणीवर स्लीपर घालता का तुम्ही?" खोक्यावर एमआरपी ३,९९९. "तुमचा महिला गट आहे म्हणून २,४९९ ला देतो. सोन्याचा मुलामा आहे, चित्रात फरक दिसेल." फरक त्यानं दाखवलाही. एका टीव्हीवर सेट-टॉप बॉक्सवरची मालिका चालू होती, तिच्यातले चेहरे पुसट. शेजारच्या टीव्हीवर फुलं, पोपट, पाण्याचे थेंब, असं झळाळतं चित्र. "हा या केबलचा कमाल."

मला काही कळलं नव्हतं. पण बी.ए. झालेली बाई, गटांना हिशोबाच्या वह्या लिहायला शिकवणारी, दुकानात उभं राहून "मला कळत नाही" कसं म्हणणार? मी मान डोलावली. अध्यक्षांनी माझ्याकडं बघून मान डोलावली, कोषाध्यक्षांनी त्यांच्याकडं बघून. पैसे दिले.

पुढच्या बैठकीत खर्चाचं वाचन झालं. टीव्ही २६,०००. भिंतीचा स्टँड ६५०. एक्स्टेंशन बोर्ड १८०. एचडीएमआय केबल, एक नग, २,४९९.

"काय न् किती?" मागून आवाज आला. आमच्या एक आक्का आहेत, साठी ओलांडलेल्या, सही करायला गटात आल्यावर शिकल्या. त्यांनी केबल मागवली, हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली. "एवढीशी दोरी अडीच हजाराची? सोनं भरलंय का काय हिच्यात?"

मी म्हणाले, "हो आक्का, टोकाला सोन्याचा मुलामा आहे."

सगळ्या हसल्या. आक्का हसल्या नाहीत. "माझी आठ दिवसाची खुरपणी हाय ती. काय करती ही दोरी, तेवढं सांग."

मला सांगता येईना. आमच्या बारा जणींच्या एका गटाची महिन्याची बचत १,२०० रुपये. म्हणजे एका अख्ख्या गटाची दोन महिन्यांची बचत मी एका मान डोलावण्यात घालवली होती. आणि ती कशापायी घालवली, हेही मला माहीत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "पुढच्या बैठकीत सांगते."

योगायोग बघा, सांगणारा भेटला तो आक्कांचाच नातू. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड करून टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. त्यानं मला जे सांगितलं आणि मी नंतर जे वाचलं, ते आपल्या भाषेत सांगते.

जुन्या टीव्हीची तीन रंगांची वायर आठवते? पिवळी, लाल, पांढरी. पिवळीतून चित्र जायचं, लाल-पांढरीतून आवाज. त्या वायरीतून चित्र दुधासारखं जायचं असं समजा. किटली गळकी असली की दूध कमी पोचतं. नीट घासलेली नसली की वास लागतो. वाटेत पाऊस लागला आणि झाकण सैल असलं की पाणी मिसळतं. डेअरीत पोचतं ते दूधच, पण घरून निघालं होतं तसं नाही. म्हणून त्या काळी वायर खरोखर चांगली असावी लागायची. वायर हलकी असली की पडद्यावर सावल्या पडायच्या, पट्टे यायचे, रंग फिके दिसायचे. दुकानदार जे बोलला ते त्या जुन्या वायरीच्या बाबतीत खोटं नव्हतं.

एचडीएमआयमधून मात्र दूध जात नाही. चिठ्ठी जाते. डेअरीची पावती असते ना, "लिटर ६, फॅट ४.२", तशी. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती, याचे आकडे जातात. तेही फक्त शून्य आणि एक या दोन खुणांत लिहिलेले. आता तुम्हीच सांगा, पावती रेशमी बटव्यातून नेली काय आणि पदराच्या गाठीला बांधून नेली काय, सहाचे सात लिटर होतात का? बटवा भारी घेतला म्हणून फॅट वाढत नाही.

पावती वाटेत भिजली आणि आकडा पुसला, तर? तर डेअरीवाला "पाच-साडेपाच असतील" असं म्हणून पैसे देत नाही, पावती बाजूला ठेवतो. टीव्हीचंही तसंच. आकडा वाचता आला नाही तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर जातं, नाहीतर सगळा पडदा काळा होऊन "नो सिग्नल" अशी पाटी येते. म्हणजे बिघाड झाला तर तो डोळ्यांना लगेच दिसतो. पण "चित्र येतंय, फक्त रंग जरा फिके आहेत, भारी केबल लावली की खुलतील", असलं मधलं काही या केबलमध्ये होत नाही. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण दुकानात तुम्हाला हीच मधली गोष्ट विकली जाते.

आता सोन्याचं. मुलामा असतो, खरा असतो. सोनं गंजत नाही, काळं पडत नाही, म्हणून टोकाच्या बारीक पट्ट्यांवर त्याचा पातळसा थर देतात. त्या टोकात एकोणीस पट्ट्या असतात, बघितलंत तर दिसतील. दमट हवेच्या ठिकाणी, समुद्राकाठी, हा मुलामा बरा. पण चित्रात सोनं उतरत नाही. आणि गंमत म्हणजे दोनशे-अडीचशेच्या कितीतरी केबलींच्या टोकालाही तो असतोच.

एवढं ऐकून मी गप्प बसले असते, पण आक्कांना ऐकीव गोष्ट चालत नाही. म्हणाल्या, "लावून दाव." मग आम्ही परीक्षाच घेतली. नातवानं मोबाईलच्या दुकानातून दीड मीटरची केबल २२० रुपयांना आणली. तोच टीव्ही, तोच माझा लॅपटॉप, तोच व्हिडिओ. टीव्हीच्या मागच्या बाजूला चादर बांधली, म्हणजे कोणती केबल लागली ते कुणाला दिसू नये. मलाही माहीत नको असं मी म्हटलं, कारण माझ्या तोंडावरून बायका ओळखतील. सात जणी समोर बसवल्या. एक फेरी झाली की प्रत्येकीनं हरभऱ्याचा एक दाणा वाटीत टाकायचा. पहिलं चित्र चांगलं वाटलं तर स्टीलची वाटी, दुसरं वाटलं तर पितळेची, सारखंच वाटलं तर ताटात.

पहिल्या फेरीत तीन दाणे एका वाटीत, दोन दुसरीत, दोन ताटात. दुसऱ्या फेरीत उलटंपालटं झालं. तिसऱ्या फेरीत चौघींनी फरक सांगितला, एकीनं तर "दुसऱ्याचा आवाज पण गोड आला" म्हणून ठासून सांगितलं. मग तो पोरगा चादरीमागून बाहेर आला आणि म्हणाला, "तिसऱ्या वेळी मी केबल बदललीच नव्हती. नुसती काढून तीच परत घातली."

हसून हसून पुरे वाट लागली. पण त्यात माझी एक शंका फिटली. दुकानात मला फरक दिसला होता तो खोटा वाटत नव्हता, आणि या चौघीही खोटं बोलत नव्हत्या. फरक आहे असं कुणी आधी सांगून ठेवलं की डोळे तो शोधून काढतात. शिवाय दुकानात दोन टीव्हींवर वेगवेगळं चित्र चालू होतं. एकीकडं साध्या चॅनलची मालिका, दुसरीकडं कंपनीनं मुद्दाम झळाळता बनवलेला नमुन्याचा व्हिडिओ, आणि टीव्हीचे रंगही वाढवून ठेवलेले. एका ताटात शिळी भाकरी, दुसऱ्यात पुरणपोळी वाढून "बघा, ताटात किती फरक आहे" म्हणावं, तसला तो प्रकार. तेव्हा कुणी फरक दाखवत असेल तर एवढंच म्हणा, "याच टीव्हीवर, हाच व्हिडिओ, फक्त केबल बदलून दाखवा."

मग स्वस्त केबल नेहमीच चालते का? नाही. तेही आम्ही अनुभवलं.

८ मार्चचा महिला दिन होता. भाड्यानं प्रोजेक्टर आणला. पडदा स्टेजवर, प्रोजेक्टर हॉलच्या मधोमध टेबलावर आणि लॅपटॉप माझ्यापाशी, मागच्या दारात. मला आता शहाणपण आलेलं! मी म्हणाले, स्वस्तातली आणा. पंधरा मीटरची, बोटभरही जाड नसलेली केबल आली सहाशेला. पहिली दोन मिनिटं झकास. मग पांढरे ठिपके. मग काळा पडदा. पुन्हा चित्र, पुन्हा काळा. पंचायत समितीचे पाहुणे समोर बसलेले आणि मी केबलीचं टोक दाबून धरून उभी.

कारण साधं आहे. अंतर वाढलं की पावती वाटेत भिजायची शक्यता वाढते. लांब तारेत विजेच्या खुणा क्षीण होत जातात आणि तार बारीक असेल तर जास्तच. घरात टीव्ही आणि बॉक्स यांच्यात एक-दोन मीटरचं अंतर असतं, तिथं हा प्रश्न येतच नाही. पाच मीटरपर्यंतही साध्या फुल एचडी चित्राला सहसा अडचण येत नाही. त्यापुढं मात्र तांब्याची जाडी बघावी लागते. दहा-पंधरा मीटरला तर आत खुणा बळकट करणारी चिप बसवलेली, नाहीतर काचेच्या तंतूची केबल लागते. तिला पैसे जास्त पडतात आणि ते द्यायला हरकत नाही, तिथं त्यांचं काम आहे. असली केबल उलटी लावून चालत नाही हेही सांगून ठेवते. एक टोक लॅपटॉपचं, एक पडद्याचं, तसं त्यावर लिहिलेलं असतं.

आम्ही त्या दिवशी काय केलं? काही विकत घेतलं नाही. लॅपटॉप उचलून प्रोजेक्टरशेजारी नेला आणि ती २२० रुपयांची दीड मीटरची केबल लावली. कार्यक्रम पार पडला. मागून चालवायचं होतं ते पुढं बसून चालवलं, एवढाच काय तो फरक.

आता खोक्यावर काय वाचायचं ते सांगते. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या मुलीला सोबत घ्या. या केबलींचे प्रकार त्यांच्या वेगावरून ठरलेले आहेत. "हाय स्पीड" लिहिलेली केबल आपल्या घरच्या फुल एचडी टीव्हीला पुरून उरते. फोर-के टीव्हीवर फोर-के चित्रच बघायचं असेल तर "प्रीमियम हाय स्पीड" घ्यावी. आणि तिच्याही वरची "अल्ट्रा हाय स्पीड", ती आठ-के टीव्हीला किंवा नव्या महागड्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांना. आपल्यापैकी कुणाला तिची गरज असेल असं मला तरी वाटत नाही. इथं एक घोळ होतो. "प्रीमियम हाय स्पीड" हे तपासलेल्या केबलीचं ठरलेलं नाव आहे, खोक्यावर चौकोनी क्यूआर कोड असलेलं लेबल असतं, मोबाईलवर तपासता येतं. नुसतं "प्रीमियम" हा दुकानदाराचा शब्द आहे, तो तर साबणावरही असतो. आणि प्रीमियम हाय स्पीड म्हणजे अडीच हजार असंही नाही. मी नंतर चौकशी केली तेव्हा तसल्या लहान केबली पाचशेच्या आत मिळाल्या.

केबलीवर "२.०", "२.१" असले आकडे छापून भाव वाढवतात, त्याकडंही लक्ष देऊ नका. ते आकडे यंत्रांच्या नियमावलीचे आहेत. केबलीवर वेगाचं नाव हवं, आकडा नको, असा मूळ ठरवणाऱ्यांचाच दंडक आहे. ठरवणारे म्हणजे सोनी, तोशिबा, फिलिप्स, हिताची वगैरे सात कंपन्या. २००२ साली त्यांनी ही जोडणी पक्की केली ती एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या टीव्हीला बिनबोभाट लागावा म्हणून. तेव्हा "आमच्या टीव्हीला आमचीच केबल लागते" असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही.

खूपजणी मला विचारतात, "ताई, नवा टीव्ही घेतला, पण चित्र धुरकटच दिसतं. भारी केबल घेऊ का?" आधी टीव्हीच्या मागं जाऊन बघा. बॉक्सपासून टीव्हीकडं अजून ती पिवळी-लाल-पांढरी वायर असेल. बॉक्सला एचडीएमआयची खाच असेल, चपटी, दोन कोपरे तासलेली, तर दोनशेची केबल आणून त्यात लावा, फरक खरोखर दिसेल. बॉक्ससोबत ती आलेलीही असते आणि खोक्यात तशीच पडून राहते. आमच्याच जावेच्या घरी ती दोन वर्षं माळ्यावर होती. पण बॉक्सवर येणारं चॅनलच साधं असेल, एचडी नसेल, तर कुठलीही केबल ते सुधारू शकत नाही. साध्या चॅनलच्या चित्रात जेमतेम चार लाख ठिपके असतात, फुल एचडीत वीस लाखांच्या वर आणि फोर-केमध्ये ऐंशी लाखांच्या वर. चार लाखांचे वीस लाख केबल कुठून आणणार? आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर असेल तर केबलच लागत नाही. टीव्हीच्या बाजूला पेनड्राइव्ह खोचा, झालं. आम्ही आता निम्मे व्हिडिओ तसेच बघतो. हे दुकानात कुणी सांगितलं नाही, हे आपलं आपण शोधलं.

आता ज्यासाठी मी आज खरं तर बोलायला बसले, ते. तुम्हाला खर्चाच्या वाचनातली एक ओळ आठवते? एक्स्टेंशन बोर्ड, १८० रुपये. त्याच दुकानात ४५० चा आयएसआय मार्कवाला बोर्ड होता. आम्ही म्हटलं, "बोर्डाला काय करायचंय एवढं, साधा द्या." केबलीत अडीच हजार घालवले आणि बोर्डात २७० रुपये वाचवले!

पावसाळ्यात एकदा बैठक लांबली. कुणीतरी चहासाठी इंडक्शनची शेगडी आणली आणि त्याच बोर्डाला लावली. टीव्हीला शंभर वॅटच्या आसपास वीज लागते, ती शेगडी २,००० वॅट ओढते. सहा अँपिअरच्या बोर्डाला तेराशे वॅटच्या वर भार झेपत नाही, आणि आमच्या बोर्डाच्या आतली वायर तर सुतळीपेक्षा बारीक निघाली, नंतर फोडून बघितली तेव्हा. चहा उकळायच्या आधी जळका वास आला. एकीचं लेकरू त्या बोर्डापाशी सतरंजीवर झोपलेलं होतं. अध्यक्षांनी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. बोर्डाचं प्लास्टिक वितळून सतरंजीला चिकटलं होतं. लेकराला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही हे सांगते.

चित्राची केबल हलकी निघाली तर फार तर पडदा काळा होतो. विजेची वायर हलकी निघाली तर घर काळं होतं. म्हणून विजेच्या वायरीवर, प्लगवर आयएसआय मार्क बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. वायरीवर मार्कासोबत आयएस ६९४ असा आकडा छापलेला असतो. शेगडी, पाण्याचा हीटर यांना सोळा अँपिअरचा जाड प्लग लागतो, तो भिंतीतल्या मोठ्या सॉकेटमध्येच घालायचा, एक्स्टेंशन बोर्डावर नाही. आणि विजा कडाडायला लागल्या की टीव्हीचा प्लग काढाच, पण छत्रीवरून बॉक्सला येणारी वायरही काढा. छत्रीवरून शिरलेला झटका बॉक्समधून एचडीएमआयच्या वाटेनं टीव्हीपर्यंत जातो. नातवाच्या दुकानात जूनमध्ये तसले टीव्ही रांगेनं येतात.

केबल परत करायला मी गेले होते. एकटीच गेले, भाड्याचे पैसे माझे घालून. दुकानदार म्हणाला, खोका फोडलाय, परत घेत नाही. मी ग्राहक कायद्याचं बोलले. २०१९ चा कायदा आहे, सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नाही म्हणणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. तो शांतपणे म्हणाला, "केबल सदोष आहे का मॅडम? चालते ना?" चालत होती. अगदी उत्तम चालत होती. २२० रुपयांच्या केबलीइतकीच. मी बिल घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि परत आले. तरी तुम्ही बिल घेतच जा, पक्कं, आणि अडचण आलीच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं. आणि एमआरपी ३,९९९ आणि मिळाली २,४९९ ला, यात दीड हजार वाचले असं मनात आणू नका. एमआरपी म्हणजे त्याच्या वर घेता येत नाही अशी रेघ. ती किती उंच मारायची ते कंपनीच ठरवते.

बैठकीत मी सगळं सांगितलं. परीक्षा तर सगळ्यांनी बघितलीच होती. मी म्हणाले, दोघींमधल्या फरकाचे २,२७९ रुपये मी माझ्या मानधनातून दोन हप्त्यांत भरते. काहीजणी नको नको म्हणाल्या, दोघी-तिघी गप्प बसल्या, आणि गप्प बसणाऱ्यांचंही मला चुकीचं वाटलं नाही. आक्का म्हणाल्या, "निम्मं तू भर. निम्मं आम्ही तिघींनी सह्या केल्या त्यांच्या नावानं. अन् फुडच्या खेपेला मला संगं न्ये." तसा ठराव लिहिला. मी माझे भरले.

नवा बोर्ड घ्यायला गेलो तेव्हा आक्का सोबत होत्या. मार्क कुठं असतो ते मी त्यांना वाटेत एसटीत कागदावर काढून दाखवलं होतं. दुकानातल्या पोरानं तीन बोर्ड पुढं ठेवले. आक्कांनी तिन्ही उलटे करून बघितले, दोन बाजूला सारले आणि तिसऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्येच्या आतली तार केवढी जाड हाय? कापल्याली दाव." पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी काही बोलले नाही. त्यानं आत जाऊन वायरीचा कापलेला तुकडा आणून दाखवला.

ती अडीच हजारांची केबल अजून हॉलमध्येच आहे. इतकी जाड आणि ताठ आहे की वळत नाही, त्यामुळं टीव्ही भिंतीपासून वीतभर पुढं आलेला असतो. नव्यानं आलेली प्रत्येक बाई विचारते, टीव्ही असा का ठेवलाय. मग तिला कुणीतरी पहिल्यापासून सगळं सांगतं.